३ डिसेंबर १९७१: झोपेत गाठलं म्हणे!

कोपरकर: काल इथे एकाने लिहिलं की पाकिस्तानने ३ डिसेंबरला झोपेत गाठलं, म्हणून भारताला नाइलाजाने युद्धात उतरावं लागलं. वाचून डोकंच फिरलं. कसली झोप? पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरची रणगाड्यांची लढाई २१ नोव्हेंबरची. तिथेच सीमेवर, बोयऱ्यावर आपल्या नॅट विमानांनी त्यांची सेबर विमानं पाडली ती दुसऱ्या दिवशी. पठाणकोट, अमृतसर, श्रीनगरवर संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास बॉम्ब पडले, तेव्हा आपली विमानं काँक्रीटच्या आडोशाला सुखरूप होती. १९६५ मध्ये पठाणकोटला उघड्यावर जळाली, तेव्हाच शहाणपण आलं होतं. त्यांच्या राष्ट्राध्यक्ष याह्याखानने आयतं निमित्त दिलं, बस्स.

दुर्वास: म्हणजे युद्ध आपणच सुरू केलं? वा! पाकिस्तानी चॅनेलवर जा, हार घालतील. कोटभर निर्वासित काय सहलीला आले होते? आणि सगळं ठरलेलं होतं तर इंदिराबाई त्या संध्याकाळी कलकत्त्यात काय करत होत्या?

कोपरकर: निर्वासितांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. लष्करप्रमुख सॅम माणेकशांनी एप्रिलमध्येच तयारीला वेळ मागून घेतला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दुर्वास: ती गोष्ट सॅमसाहेबांनी निवृत्तीनंतर रंगवून सांगितलेली. इतिहासकारही तिच्यावर आक्षेप घेतात. शेंबड्या पोरांना विचारूनच लिहिता वाटतं.

गिरगावकरीण: तारखांचं तुम्ही बघा. मला ब्लॅकआउट आठवतो. काचांना खळीने काळा कागद चिकटवलेला, आणि रात्री झुरळं ती खळ खायची. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. आमच्या चाळीत एक शिट्टीवाले वॉर्डन होते, दिवे विझवायला लावणारे, त्यांनी आजीला देवापुढचं निरांजनसुद्धा विझवायला लावलं. आजी मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

करदाता: आणि ते ५ पैशांचं तिकीट? 'शरणार्थी सहायता' छापलेलं, पत्रावर जादा लावायचं. युद्ध १६ डिसेंबरला आटोपलं, तिकीट १९७३ पर्यंत चालू! सरकार एकदा खिशात हात घालतं तो काढत नाही. आता सेस बघा...

कोपरकर: धन्यवाद. ते तिकीट १५ नोव्हेंबरलाच सुरू झालं होतं. हल्ल्याच्या आधी!

दुर्वास: अहो, त्यावर शरणार्थी लिहिलंय, तोफगोळे नाही. बरं, पूर्वेकडे आपण आधीच आत शिरलो होतो, मान्य. पेढे वाटा. पण पश्चिमेची आघाडी त्यांनीच उघडली. पूर्वेत मार बसतोय म्हणून इकडे विमानं पाठवली आणि तिकडे १३ दिवसांत ढाका घालवलं. तो मूर्खपणा त्यांचा, त्याचं श्रेय तुम्ही दिल्लीच्या कटाला देताय.

कोपरकर: कट हा शब्द तुमचा. मी तयारी म्हणतोय.

वॉर्डनपुत्र: मधेच बोलतो. शिट्टीवाल्यांची टिंगल करू नका. माझे वडील तेच काम करायचे, दिवसभर नोकरी करून, फुकट. भूजच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले, शेजारच्या माधापर गावच्या बायकांनी ती पुन्हा बांधून दिली. तिथल्यांना विचारा एका दिव्याची किंमत.

गिरगावकरीण: माधापरच्या बायकांना माझा दंडवत. त्यांनी काम केलं. आमचे शिट्टीवाले मात्र सगळ्यांचे दिवे विझवून स्वतः रेडिओला कान लावून बसायचे, आणि त्यांच्या रेडिओच्या पट्टीचा उजेड थेट आमच्या गॅलरीत यायचा. तुमचे वडील तसे नसतील. नसतीलच.

वॉर्डनपुत्र: कुठली चाळ तुमची?