'स्थानिक स्मरणशक्ती' की 'स्थानस्मृती'?

एका लेखाचे भाषांतर तपासताना 'संवर्धित वास्तवाद्वारे मानवी स्थानिक स्मरणशक्तीचे मूल्यमापन' असे शीर्षक समोर आले. यातले 'संवर्धित वास्तव' म्हणजे इंग्रजीतले 'ऑगमेंटेड रिॲलिटी', आणि 'स्थानिक स्मरणशक्ती' म्हणजे 'स्पेशियल मेमरी', कोणती वस्तू कोठे आहे याची आठवण. शब्द सगळे ओळखीचे, तरीही नुसते शीर्षक वाचणाऱ्याला विषयाचा पत्ता लागू नये, अशी त्यांची जुळणी झाली होती. लेखाचा विषय समजायला मुळीच अवघड नाही. फोनच्या किंवा खास चष्म्याच्या पडद्यावर खऱ्या खोलीच्या दृश्यातच संगणकाने काढलेल्या काही वस्तू ठिकठिकाणी ठेवलेल्या दिसतात. माणूस खोलीत हिंडून त्या पाहून घेतो. मग त्या वस्तू नाहीशा केल्या जातात आणि कोणती वस्तू कोठे होती, हे त्याने दाखवायचे असते. एवढी साधी कृती सांगणारे शब्द इतके दुर्बोध का व्हावेत, हा प्रश्न मनात राहिला, म्हणून ही चर्चा मांडत आहे.

सर्वांत मोठी अडचण 'स्थानिक' या शब्दाची आहे. व्युत्पत्तीने तो 'स्थानासंबंधीचा' असा असला, तरी मराठीत त्याचा अर्थ केव्हाच 'त्या त्या गावचा, तिथला' असा पक्का झाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्था, स्थानिक रहिवासी, स्थानिक बातम्या असे ऐकत आलेल्या वाचकाला 'स्थानिक स्मृती' म्हणजे एखाद्या गावाने जपलेल्या आठवणी वाटतील, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हिंदीतही 'स्थानिक' हा शब्द 'स्थानासंबंधीचा' या शास्त्रीय अर्थाने वापरला जातो. परंतु रोजच्या व्यवहारातल्या 'तिथला' या अर्थासाठी हिंदीजवळ 'स्थानीय' हा वेगळा शब्द असल्यामुळे तेथे गोंधळ कमी होतो. मराठीत एकाच शब्दावर दोन्ही भार पडतात.

'अवकाशीय स्मृती' हा पर्याय पुष्कळदा सुचवला जातो. भूमितीत व भौतिकशास्त्रात 'अवकाश' चांगला रुळला आहे. पण सामान्य वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर अवकाशयान उभे राहते, आणि बोलण्यात तर 'अजून अवकाश आहे' म्हणजे वेळ आहे, असाच अर्थ निघतो. 'दिक्' हा शब्द तात्त्विक दृष्ट्या याहून काटेकोर आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी नऊ द्रव्यांत आकाश आणि दिक् यांची स्वतंत्र गणना केली, आणि जवळ-लांब, पूर्व-पश्चिम असे जे ज्ञान आपल्याला होते त्याचे कारण दिक् मानले. आपल्या चाचणीत नेमके हेच ज्ञान तपासले जाते. तरीसुद्धा आजच्या मराठीत 'दिक्' ऐकताच केवळ दिशा आठवते, अंतर आठवत नाही, म्हणून 'दिक्स्मृती' मला मोह पडूनही बाजूला ठेवावा लागतो.

उरतात 'स्थलस्मृती' आणि 'स्थानस्मृती'. स्थल म्हणजे एखादी जागा, जिचे वर्णन करता येते. स्थान म्हणजे एखाद्या गोष्टीची इतर गोष्टींमधली जागा. 'प्रेक्षणीय स्थल' म्हणता येते, पण 'रांगेतले स्थल' म्हणता येत नाही. तेथे 'स्थान'च लागते. चाचणी देणाऱ्याला खोली कशी होती हे विचारलेले नसते. खोलीत वस्तूचे स्थान कोणते होते, हे विचारलेले असते. म्हणून माझे मत 'स्थानस्मृती'च्या बाजूने आहे. त्याला आणखी एक आधार आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदीर आणि माणूस यांच्या मनातल्या नकाशाची कल्पना मांडली. पुढे जॉन ओकीफ व जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ साली उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा चेतापेशी दाखवल्या, की ज्या प्राणी विशिष्ट ठिकाणी असतानाच उद्दीपित होतात. या शोधाला, तसेच माय-ब्रिट व एडवर्ड मोझर यांच्या जाळीपेशींच्या ('ग्रिड सेल्स'च्या) शोधाला, २०१४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओकीफ यांच्या पेशींना मराठीत 'स्थानपेशी' हेच नाव स्वाभाविकपणे सुचते. मग स्थानपेशी आणि स्थानस्मृती हे शब्द एका कुळातले राहतील आणि वाचकाला त्यांचा संबंध वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

'स्मरणशक्ती' मात्र येथे नको. शक्ती म्हटले की ती कमी-अधिक असते एवढेच कळते, आणि वाचकाला परीक्षेची तयारी आठवते. 'स्मृती' या शब्दात साठवणे, टिकणे आणि पुन्हा समोर येणे हे तिन्ही टप्पे मावतात.

आता 'संवर्धित वास्तव'. हा शब्द थोडाफार रूढ होऊ लागला आहे, पण संवर्धन म्हणजे मराठीत जोपासना : पशुसंवर्धन, वृक्षसंवर्धन. या तंत्रात वास्तवाची जोपासना होत नाही, त्यात भर पडते. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगाचे श्रेय टॉम कॉडेल यांना दिले जाते. बोइंग कंपनीत विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगारांना हातातल्या कामावरच आकृती दिसावी, असा त्यांचा हेतू होता, आणि डेव्हिड मिझेल यांच्यासह त्यांनी १९९२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली या तंत्राची तीन लक्षणे सांगितली : खरे व कृत्रिम यांचा मेळ, तत्क्षणी मिळणारा प्रतिसाद, आणि त्रिमितीत नेमक्या जागी बसवणूक. तिसरे लक्षण आपल्या विषयाचा प्राण आहे, कारण कृत्रिम वस्तू आपल्या जागेवरून हलली, तर तिचे स्थान लक्षात ठेवण्याला अर्थच उरत नाही.

कोणी 'आरोपित वास्तव' सुचवील. हा शब्द अर्थाने फार जवळ जातो, आणि तो मला वेगळ्याच कारणाने विचारात पाडतो. शंकराचार्यांनी अध्यासाची, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप होण्याची, जी व्याख्या केली, तिच्यात पूर्वी पाहिलेली गोष्ट, दुसऱ्याच ठिकाणी, स्मृतीच्या रूपाने भासणे असे तिन्ही घटक येतात. वस्तू नाहीशी झाल्यावर रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून 'ती येथे होती' असे सांगणाऱ्या माणसाचे वर्णन याहून जवळून कोणी केले असेल, असे वाटत नाही. परंतु अध्यास हा भ्रम आहे आणि चाचणी देणाऱ्याला भ्रम झालेला नसतो. शिवाय 'आरोपित' शब्दाला न्यायालयाचा वास येतो. 'विस्तारित वास्तव' हे नाव वर्धित, मिश्र आणि आभासी या सर्वांना पोटात घेणाऱ्या व्यापक संज्ञेसाठी राखून ठेवणे बरे. 'वर्धित' म्हणजे नुसते वाढवलेले, भर पडलेले, म्हणून लिहिताना 'वर्धित वास्तव' वापरावे, आणि बोलताना कोणी सरळ 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हटले तरी बिघडत नाही.

'वास्तव' हा शब्द मात्र सोडता येणार नाही, कारण या चाचणीचे वेगळेपण खऱ्या जागेतच आहे. फिलिप कॉर्सी यांच्या १९७२ च्या प्रबंधातील चाचणीत समोरच्या फळीवर नऊ ठोकळे असतात, परीक्षक ज्या क्रमाने त्यांना स्पर्श करतो, तो क्रम बसल्या जागी पुन्हा करून दाखवायचा असतो, आणि सगळी मांडणी एका नजरेत येते. खऱ्या खोलीत मात्र मान वळवावी लागते, पावले टाकावी लागतात, आणि आपण किती वळलो याची खबर आतला कानही देत असतो. आभासी वास्तवाची, म्हणजे सगळे दृश्यच संगणकाने उभे केलेली, चाचणी खुर्चीत बसून दिली, तर ही शरीराची साक्ष बहुतांशी हरवते. वर्धित वास्तवात ती टिकते, आणि तरीही वस्तूंची मांडणी हवी तशी बदलता येते व प्रत्येकासाठी अगदी सारखी ठेवता येते. २०१४ साली स्पेनमधील संशोधकांनी मुलांच्या स्थानस्मृतीसाठी अशी चाचणी प्रत्यक्ष जागेत वापरून 'प्लॉस वन' या नियतकालिकात तिची माहिती दिली.

'मूल्यमापन' ऐवजी 'मापन' पुरेसे आहे. येथे कोणाचे मूल्य ठरवायचे नसते, दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून किती दूर पडली, हे मोजायचे असते.

जाता जाता, या क्षमतेच्या बिघाडासाठी मराठीत आधीपासून चांगले शब्द आहेत. 'दिशाभूल' हा शब्द आज फसवणुकीसाठी वापरला जात असला, तरी त्याचा अक्षरार्थ दिशा चुकणे हाच आहे, आणि चालून चालून पुन्हा त्याच जागी येणे याला आपण 'चकवा लागणे' म्हणतो. अल्झायमरच्या आजारात वाट चुकणे हे लवकर दिसणाऱ्या लक्षणांपैकी एक असते. त्याविषयी रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना 'अवकाशीय विमूढता' म्हणण्यापेक्षा 'ठाव न लागणे' म्हणावे, ते त्यांना लगेच कळेल.

एका जोडीबाबत मात्र मला सूचना हव्या आहेत. वस्तू 'माझ्या डावीकडे होती' अशी लक्षात राहते, किंवा 'खिडकी आणि दार यांच्या मध्ये होती' अशी. चाचणीत माणसाला दुसऱ्या दारातून आत आणले, की या दोहोंतला फरक उघड होतो. पहिल्या प्रकारासाठी 'आत्मकेंद्री' हा शब्द छापलेला पाहिला, पण मराठीत तो स्वभावदोष आहे. मी सध्या 'देहसापेक्ष' आणि 'परिसरसापेक्ष' असे लिहितो. यांहून सोपी, तरीही परस्परांना शोभणारी जोडी कोणाला सुचते का?