मदत हवी आहे: परकीय मदत वाढली की कारभार बिघडतो असं येतंय, चूक कुठे?

अधांतरी:
एम.ए.चा प्रबंध आहे. परकीय मदतीचा कारभारावर आणि दारिद्र्यावर होणारा परिणाम. आफ्रिकेतले ३८ देश, स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेल (तेच देश, वर्षावर्षाचे आकडे), देशांचे फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक देशाचा न बदलणारा फरक वेगळा काढणारे) घातलेत. मदतीचा सहगुणक (मदत वाढली की कारभाराचा अंक किती हलतो तो आकडा) उणे येतोय, तोही तीन ताऱ्यांसकट, म्हणजे निव्वळ योगायोग असणं अवघड. दारिद्र्यावर काहीच परिणाम नाही. गाईड म्हणतात पुन्हा बघ. शुक्रवारी ड्राफ्ट द्यायचाय. कमांड दोनदा तपासली, बरोबर आहे. 'मदतीने देश आळशी होतात' वगैरे नको, चूक कुठे तेवढं सांगा.

कोरडवाहू:
मदत कबूल केलेली की प्रत्यक्ष दिलेली? रक्कम की राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत? कारभाराचा निर्देशांक कोणता? वर्षं कोणती? यातलं काहीच लिहिलं नाही, कमांड बरोबर आहे हे मात्र लिहिलंत.

अधांतरी:
प्रत्यक्ष दिलेली, उत्पन्नाच्या टक्क्यांत, १९९६ ते २०१९. ओईसीडीची (श्रीमंत देशांच्या संघटनेची) नाही, जागतिक बँकेच्या साइटवरून घेतली.

कोरडवाहू:
ती ओईसीडीचीच असते हो. बँक फक्त ती पुढे देते.

दशांश:
१९९६ म्हणजे बँकेचाच डब्ल्यूजीआय, म्हणजे देशोदेशींच्या कारभाराचा निर्देशांक, घेतलेला दिसतोय. मग दोन गोष्टी. एक, तो १९९६, १९९८, २००० असा वर्षाआड आहे, दरवर्षीचा २००२ पासून. १९९७, १९९९, २००१ चे आकडे कुठून आणलेत? सरासरी काढून भरले असतील तर ते तुमचेच आकडे आहेत, देशाचे नाहीत. दोन, त्याच्या मूळ पद्धतीत दरवर्षी जगाची सरासरी शून्यावर आणून ठेवतात. म्हणजे एखाद्या देशाचा कारभार सुधारला, पण बाकीचे त्याच्याहून जास्त सुधारले, तर त्याचा अंक खालीच जातो. याला 'बिघडला' म्हणता येत नाही.

बँकेच्याच सीपीआयएकडे, म्हणजे देशांच्या धोरणांना आणि संस्थांना ती देते त्या गुणांकडे, वळू नका. त्याचे १ ते ६ गुण आयडीएचा (बँकेच्या गरीब देशांसाठीच्या शाखेचा) पैसा वाटायच्या सूत्रातच बसवलेले आहेत. चांगले गुण, जास्त पैसा. तिथे अधिक चिन्ह येईल आणि तुम्ही खूश व्हाल.

अधांतरी:
डब्ल्यूजीआय नाहीये. व्ही-डेमचा (देशांची लोकशाही मोजणाऱ्या संशोधन प्रकल्पाचा) घेतलाय. मधली वर्षं आहेत सगळी.

शून्यप्रहर:
एकेका देशाच्या नादी लागा, हे ३८ देशांचं भरीत कुणाला पचत नाही. मलावी घ्या. २०१३ चा कॅशगेट: सरकारी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पैसे काढायचे आणि मग नोंदच पुसून टाकायची. देणगीदारांनी अर्थसंकल्पात थेट पैसे घालणं थांबवलं. पण मदत आटली का? नाही, एनजीओ आणि प्रकल्पांच्या वाटेने वळली. तुमच्या एकूण आकड्यात हे दिसणारच नाही. ओईसीडीच्या सीआरएसमध्ये (मदतीच्या एकेका नोंदीच्या तक्त्यात) वाटेचा कोड असतो, सरकारी संस्था १०००० पासून, एनजीओ २०००० पासून. तो वेगळा काढा. मात्र तिथले प्रत्यक्ष दिलेल्या पैशाचे आकडे २००२ नंतरचेच धरा, आधीचे अर्धवट आहेत.

दशांश:
एका देशावरून सहगुणक कसा काढणार? शुक्रवार म्हणालेत ते.

शून्यप्रहर:
सहगुणक काढायलाच हवा असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

तिरफळ:
आफ्रिकेत कशाला जायचं? आपल्याकडे पी.एल. ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदत कायद्याखालचा, गहू आला, रेशनवर लाल मिलो ज्वारी आली आणि सोबत काँग्रेस गवत फुकट. मदतीचा परिणाम शेताच्या बांधावर अजून दिसतो.

कोरडवाहू:
गवत पुण्यात दिसलं ते १९५५-५६ च्या सुमाराला आणि पी.एल. ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. धान्याबरोबर आलं असेलच तर १९५१ च्या अमेरिकी गहू-कर्जातलं म्हणा. आणि आपलंच उदाहरण हवं असेल तर रोजगार हमीचं घ्या. तिच्यासाठी राज्याने १९७५ ला व्यवसाय कर लावला, म्हणजे पगारदाराच्या खिशातून पैसा, म्हणून विधानसभेत जाब विचारणारे होते. बाहेरच्या पैशाला असा करदाता नसतो. अधांतरी, कराचं प्रमाण घातलंय का मॉडेलात? मदत थेट कारभारावर परिणाम करते की करवसुली सैल पाडून, हा वेगळा प्रश्न आहे. आणि पहिली पायरी, म्हणजे मदतीने करवसुली सैल पडते का, बघायची असेल तर कर हा परिणाम म्हणून घ्या. कारभाराच्या समीकरणात नियंत्रक (स्थिर धरायचा घटक) म्हणून कोंबलात तर मधलीच वाट बंद होईल.

अधांतरी:
कर नाही घातला. गवताचं काय चाललंय?

बोरूबहाद्दर:
व्ही-डेममधला नेमका कोणता निर्देशांक? 'कारभार' नावाचा एकच काही नाही तिथे.

अधांतरी:
राजकीय भ्रष्टाचाराचा. ० ते १.

बोरूबहाद्दर:
घ्या. तो उलटा असतो. १ म्हणजे भ्रष्टाचार जास्त. डब्ल्यूजीआयमध्ये वर जाणं चांगलं, इथे वर जाणं वाईट. तुमचं उणे चिन्ह सांगतंय की मदत जास्त तिथे भ्रष्टाचार कमी. १ मधून वजा करा, नाव बदला, पुन्हा चालवा.

पण लगेच पेढे वाटू नका. नायजेरिया आहे ना यादीत? २००५ ला पॅरिस क्लबशी (कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाशी) करार झाला, सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ. ते मदतीत धरतात, म्हणून २००६ ला नायजेरियाची मदत ११ अब्जांच्या वर दिसते आणि २००७ ला दोनेक अब्जांवर येते. नवा पैसा आलाच नाही, उलट त्यांनीच १२ अब्ज भरले. सीआरएसमध्ये कर्जाचा कोड ६००, आपत्कालीन मदतीचा ७२०, दोन्ही वगळून बघा. आणि टक्केवारीचा छेद तपासा. युद्धात उत्पन्न कोसळलं की मदत तेवढीच राहूनही टक्का फुगतो.

दशांश:
दारिद्र्याचे आकडे पीआयपीचे, म्हणजे बँकेच्या दारिद्र्याच्या साइटचे का? दरवर्षीचे?

अधांतरी:
हो, दरवर्षीचे होते तिथे.

दशांश:
दरवर्षी पाहणी कोण करतं? मलावीच्या पाहण्या १९९७-९८, २००४-०५, २०१०-११, २०१६-१७ आणि २०१९-२०. मधली वर्षं बँक राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीवरून भरते. म्हणजे दारिद्र्य म्हणून तुम्ही बहुतांशी वाढीचा दरच मोजताय. फक्त पाहणीची वर्षं ठेवा आणि मदतीची त्याआधीच्या ३ ते ५ वर्षांची सरासरी घ्या. निरीक्षणं शंभरेक उरली तरी चालतील.

शून्यप्रहर:
आणि गरीब म्हणून मदत मिळते की मदत मिळून गरिबी घटते, त्याचं काय? आयडीएचा उत्पन्नाचा उंबरठा ओलांडला की मदत घटते, तो धागा पकडा.

बोरूबहाद्दर:
१९८७ ते २०१० मध्ये जगभरातून ३५ देशांनी तो ओलांडला. त्यातले या ३८ मध्ये किती? एका हाताच्या बोटांवर सहगुणक बसत नाही. मघाशी तुम्हीच म्हणत होता सहगुणक नको.

अधांतरी:
चिन्ह उलटवलं, कर्जमाफी काढली, नायजेरिया ठेवला. अधिक आहे, पण एकच तारा उरला. नायजेरिया काढला तर तोही नाही. आता यातलं कोणतं कोष्टक मुख्य म्हणून द्यायचं?

कोरडवाहू:
दोन्ही. शेजारी शेजारी.

तिरफळ:
त्या गहू-कर्जाचा धागा वेगळा काढा राव कुणीतरी.