जुनी कागदपत्रं फाडायला हाताने फिरवायचं श्रेडर सुचवा

वेलदोडा: मंडळी, घरात दोन खण भरून जुनी बँक स्टेटमेंट, बिलं आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स साठल्यात. मागच्या महिन्यात बाबांच्या नावाने कुणीतरी कर्जाचा अर्ज टाकला. जोडलेली झेरॉक्स बाबांचीच होती, कोपऱ्यातल्या शाईच्या डागावरून त्यांनी ओळखली. कुठून गेली देव जाणे. आता हे सगळं निकालात काढायचंय. हाताने फिरवायचं छोटं श्रेडर कुणी वापरलंय का? विजेवरचं बजेटात बसत नाही, कृपया सुचवू नका.

गडगडाट: विजेवरचंच घ्या. माझ्याकडे पी-५ आहे (पी म्हणजे तुकड्यांची पातळी, आकडा जेवढा मोठा तेवढे तुकडे बारीक). स्टेपलची पिनसुद्धा खातं. हाताची यंत्रं म्हणजे खेळणी.

निवांत_नाना: हाताचं मी घेतलं होतं. चौथ्या कागदाला हँडल हातात आलं. शिवाय त्यातून नुसत्या उभ्या पट्ट्या पडतात आणि पट्ट्या जुळवता येतात. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत कापलेले कागद विद्यार्थ्यांनी पट्टी-पट्टी जुळवून छापलेसुद्धा!

चिमटा: नाना, वेलदोडाताईंच्या कचऱ्यावर कोण एवढी मेहनत घेणार आहे?

निवांत_नाना: तत्त्वाचा प्रश्न आहे.

अर्धविराम: आडवं-उभं कापणारं घ्या, पी-४ पुरतं. तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटर. पी-२ मध्ये पट्टी ६ मिलिमीटरपर्यंत रुंद असू शकते, म्हणजे खात्याचा अख्खा आकडा एका पट्टीवर सहीसलामत राहतो. आणि गडगडाट, त्या पी-५ला तेल घालता का?

गडगडाट: दोन वर्षांत थेंब घातला नाही. दणकट आहे.

सायली_न: ताई, कागदाचं सोडा, मोबाईल बघा. सिमकार्डाला पिन नंबर लावा. फोन चोरीला गेला तरी सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येत नाहीत. फक्त माझ्यासारखं करू नका. पिन तीनदा चुकवला, मग पीयूके (बंद झालेलं सिम उघडायचा कोड) मागायला लागलं, तो अंदाजाने दहा वेळा टाकला आणि सिम कायमचं गेलं. नवं मिळेपर्यंत मी स्वतःच स्वतःला सिद्ध करत फिरत होते.

चिमटा: दहा वेळा अंदाजाने?? 😂

सायली_न: झोपेत होते हो.

बोरूबहाद्दर: मूळ दुखणं रद्दीचं नाहीच. आपण झेरॉक्स कोरी देतो. कुणालाही देताना छायाप्रतीवर आडवं लिहायचं: कशासाठी, कुणाला, तारीख. अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून गेली पाहिजेत, कडेला लिहिलं तर कापून टाकतात. आणि बिघडलेली प्रत झेरॉक्सवाल्याच्या टोपलीत सोडू नका. त्याच्या मोबाईलवर फाइल पाठवलीत तर ती तिथेच राहते, समोर उभं राहून काढायला लावा. माझ्या भाच्याने हे केलं नाही, दोन वर्षं निस्तरतोय.

टिकली: मी तर म्हणते, झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहावी.

बोरूबहाद्दर: तेच वर लिहिलंय.

टिकली: हो, अनुमोदन.

गडगडाट: पी-५ घ्या, भांडण मिटेल.

अर्धविराम: एक राहिलं. बाबांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवलात का? एक अर्ज पकडला, दुसरा मंजूर होऊन बसला असेल तर तो तिथेच दिसेल. अनोळखी कर्ज दिसलं की लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. ती मात्र फाडू नका. ईमेलचा पासवर्डही बदला, बाकी सगळे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.

निवांत_नाना: किंवा सरळ जाळा. आमच्या वडिलांनी सगळं जाळलं. त्यात घराचे कागदही गेले, तो भाग वेगळा.

वेलदोडा: सर्वांचे आभार. रिपोर्ट मागवला, त्यात कर्जासाठीची एक अनोळखी चौकशी नोंदलेली निघाली, तक्रार केली. श्रेडर घेतलं नाही. कागद बादलीत रात्रभर भिजवले. लेझर प्रिंटरची शाई पाण्याने जात नाही, सकाळी अक्षरं जशीच्या तशी! मग बाबांनी आणि मी हाताने कुस्करून लगदा केला. गुळगुळीत कागद भिजेचनात, ते कात्रीने कापले. बाबांना हे काम इतकं आवडलं की आता शेजारच्यांचे खण मागतायत. ते देणार नाहीत अशी आशा आहे.

गडगडाट: कुणाला पी-५ हवंय का? थोडं अडकतंय, पण दणकट आहे. अर्ध्या किमतीत.