मदत हवी आहे: जुन्या कॉर्डलेसले मोबाईलची बॅटरी चालते का?

मानेवाडा_एक्सप्रेस: आजीच्या खोलीतला कॉर्डलेस दोन मिनिटं बोललं की टूं टूं करून बंद पडते. बर्डीत चार दुकानं फिरलो, एकाने पॅक दिला तं त्याची पिनच बसत नाही. जुन्या मोबाईलची ३.७ ची बॅटरी घरी पडून आहे, डायरेक्ट वायर जोडू का? लवकर सांगा, आजी डोकं खाऊन राहिली.

झिरोमाईल: जुन्या पॅकवर काय लिहिलं आहे? फोटो टाक.

मानेवाडा_एक्सप्रेस: कॉर्डलेसचाच पॅक आहे भाऊ, बाकी काय. बरं, पाहिलं. ३.६ व्होल्ट, ६०० एमएएच, एनआय-एमएच. तीन बारके सेल, एकाच्या टोकाशी पांढरं पांढरं फुटलं आहे.

जुगाडू_नागपूरकर: जोड बिनधास्त. माझ्या टॉर्चमध्ये दोन वर्षांपासून मोबाईलचीच बॅटरी आहे.

सोल्डरवाला_काका: काऊन जोडतो बे! ३.६ अन् ३.७ सारखे दिसतात म्हणून सारखे नसतात. तुझ्या पॅकमध्ये १.२ चे तीन एनआय-एमएच, म्हणजे निकेलचे सेल आहेत, फोन स्टँडवर ठेवला की थोडा थोडा करंट जातच राहतो अन् ते सेल तो सहन करतात. मोबाईलची बॅटरी लिथियमची, तिचं चार्जिंग ४.२ ला थांबलंच पाहिजे, अन् तुझा स्टँड ते थांबवणार नाही. फुगेल. मे महिन्यात तं आणखीनच. जुगाडू, तुझा टॉर्च चार्ज कशाने होते?

जुगाडू_नागपूरकर: वेगळं मोड्यूल लावलं आहे ना.

सोल्डरवाला_काका: मग हे आधी सांगायचं होतं!

धरमपेठी: लँडलाईन ठेवताच कशाले? आजीले स्मार्टफोन द्या.

मानेवाडा_एक्सप्रेस: दिला होता. उलटा धरते. काका, पिनचं काय करू?

सोल्डरवाला_काका: नवीन पॅक ३.६ चा अन् एनआय-एमएचच आहे ना? मग जुनी पिन कापून त्याच्या वायरीले जोड. दोन्ही वायरी एकदम कापू नको, कटरनेच शॉर्ट होते. रंगावर जाऊ नको, मल्टीमीटरने प्लस-मायनस पाहा. टेप गुंडाळ, पहिल्या वेळी रात्रभर चार्ज कर.

मानेवाडा_एक्सप्रेस: मीटर शेजाऱ्याकडून आणला. लाल वायर मायनस निघाली राजेहो! जोडलं, झाकण जरासं वर राहते, रबर लावलं. आजी पाऊण तासापासून अमरावतीच्या मावशीशी बोलून राहिली.

झिरोमाईल: फोटो टाक ना.

गोकुळपेठ_०७: इन्व्हर्टरमध्ये पाणी कोणतं टाकायचं, आरओचं चालते का?