मदत हवी आहे : सवयींची तीन पुस्तकं वाचली, तरी तिसऱ्या आठवड्यात सगळं तुटतं

फोंडेकर७ : सवय कशी लावावी यावरची तीन पुस्तकं विकत आणून वाचली. खुणा केल्या, कॅलेंडरवर फुल्या मारल्या. दोन आठवडे छान जातं, तिसऱ्यात तुटतं. यंदा चौथ्यांदा झालं. चूक पुस्तकात आहे की माझ्यात? 'मन घट्ट करा' सोडून काहीही सांगा. गणेश चवथीपर्यंत जमायलाच हवं.

माशेलचा : सवय कसली, ते लिहिलंच नाही तुम्ही. आणि करता केव्हा?

डिचोलीची बाय : २१ दिवस सलग काढा भाऊ, पुढे आपोआप होतं. मी पहाटे चारला उठायला अशीच शिकले. तुम्हीही चारला उठून बघा.

वाचक मडगाव : बाय, २१चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'निदान' पुढे गळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात सरासरी ६६ दिवस आली. माणसागणिक १८पासून २५४पर्यंत. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

डिचोलीची बाय : अभ्यास असेल. मला २१ दिवसांत जमलं, ते खोटं का?

वाचक मडगाव : खोटं नाही. पण २२व्या दिवशीही ज्याला जड जातं, तो स्वतःलाच नालायक ठरवतो. मी ठरवलं होतं, म्हणून सांगतो.

पणजीहून : पुस्तकं विकत कशाला घेता? पणजीत पाटोला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे चाळून बघायची.

फोंडेकर७ : पुस्तकं कुठे मिळतात हे मी विचारलेलं नाही. सवय म्हणजे पेटीचा रियाज, अर्धा तास. चवथीच्या भजनाला घरात साथ मला करायची आहे. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी बसतो, सेकंडला सकाळी, नाइटला जमेल तसं.

माशेलचा : अहो, हे आधी सांगायचं! शिफ्ट दर आठवड्याला बदलते? आणि तिसरा आठवडा नाइटचा?

फोंडेकर७ : हो. वेर्ण्याला आमच्या सगळ्यांचीच बदलते, त्यात काय लिहायचं?

माशेलचा : त्यातच सगळं आहे. मी नऊ वर्षं शिफ्ट केली. ही पुस्तकं रोज ठरल्या वेळी उठणाऱ्या माणसासाठी लिहिल्यासारखी वाटतात. 'जुन्या सवयीला नवी जोडा' हा त्यातला सल्ला मात्र खरा आहे, माझं वाचन त्यावरच टिकलं. फक्त घड्याळाला जोडू नका. तिन्ही शिफ्टमध्ये चुकत नाही असं काय करता? अंघोळ? मग अंघोळीनंतर पेटी. नाइटच्या आठवड्यात अर्धा तास नको, एक अलंकार, म्हणजे सुरांचा एक छोटा पलटा, पुरे. पेटी ठेवता कुठे?

फोंडेकर७ : कपाटावर. वर दोन बॅगा.

माशेलचा : आजच खाली काढा. बॅगा उतरवायच्या म्हटलं की थकलेला माणूस उद्यावर ढकलतो.

पणजीहून : नाइटवाला दुपारी उठून वाजवणार. गोव्यात एक ते चार दुकानंसुद्धा बंद असतात, शेजाऱ्यांनी झोपायचं कधी? आमच्या वरच्या मजल्यावर तबला आहे, मी भोगतोय.

माशेलचा : भाता न हलवता नुसती बोटं फिरवायची. आवाज येत नाही, हात बसतो.

डिचोलीची बाय : सूर कानावर न पडता कसला रियाज? माझे गुरुजी उठवून पाठवतील.

माशेलचा : चार वाजल्यानंतर भाता उघडा ना. सवय मोडू नये एवढंच म्हणतोय.

फोंडेकर७ : सोमवारपासून नाइट आहे. घरी आलो की सरळ झोपतो, अंघोळ उठल्यावर. कधी तीनला, कधी पाचला.

माशेलचा : तीन की पाच ते बघूच नका. अंग पुसलं की बसा.

फोंडेकर७ : बरं. पेटी खाली काढली आत्ता. पावसाच्या ओलीने मंद्राच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. फोंड्यात दुरुस्त करून देणारं कोणी आहे का? सोमवारच्या आधी हवी.