ईमेल आणि लिंक्डइनची मोट बांधावी का?

जॉबवर्कवाला:
भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), एक सीएनसी लेथ. नवीन गिऱ्हाईक बहुतेक ईमेलवरच्या चौकशीतून येतं. सोबत ड्रॉइंग, खाली 'रिगार्ड्स' आणि एक नाव. माणूस खरेदीतला, डिझाइनचा की नुसताच भाव काढणारा, पत्ता लागत नाही.

वर्षभर मी आउटलुकला लिंक्डइन जोडून वापरतोय. नावावर टिचकी मारली की प्रोफाइल तिथंच दिसतं. (मायक्रोसॉफ्टने २०१६ साली २६.२ अब्ज डॉलर मोजून लिंक्डइन घेतलं, त्यातला माझ्या वाट्याला आलेला फायदा एवढाच.) मध्यंतरी एका चौकशीवाल्याने पूर्वी टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं बनवणाऱ्या विभागात, काम केल्याचं दिसलं. मग कोटेशनखाली सरळ लिहिलं, "बोअरला एच६ मागितलंय, एच७ चालत असेल तर दर बराच उतरेल." (एच६, एच७ म्हणजे छिद्राच्या मापातली सूट, टॉलरन्स; एच७ थोडा सैल.) दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. आज महिन्याला नियमित काम येतंय.

त्यामुळे 'ईमेल म्हणजे काम आणि लिंक्डइन म्हणजे शोभा' हे मला पटत नाही. दोन्ही जोडा.

तिरका_डोळस:
बघण्यापुरतं ठीक. पण 'जोडणं' तिथं थांबत नाही हो. एका साइटवर आमच्या मेव्हण्याने 'ओळखीचे लोक शोधू का?' यावर बेधडक 'हो' दाबलं. अख्खी अॅड्रेस बुक वर गेली आणि सगळ्यांना आमंत्रणं सुटली. ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे त्या घरमालकाला एक. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांच्या पत्त्यावर एक. तो पत्ता आता सासूबाई वापरतात. पुढचं विचारू नका.

आणि ही फक्त आमच्या घरची कथा नाही. लिंक्डइनवर २०१३ साली अमेरिकेत दावा लागला, २०१५ मध्ये १.३ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कोर्टात टिकला तो मुद्दा पहिल्या आमंत्रणाचा नव्हता, त्यामागून आपोआप जाणाऱ्या आठवणीच्या मेलांचा होता. म्हणजे तुमच्या नावाने तगादा, आणि तुम्हालाच खबर नाही. त्याआधी २०१० मध्ये गूगल बझ या गूगलच्या सोशल सेवेने जीमेलवरून परस्पर 'मित्र' ठरवले होते. तुम्ही कुणाशी जास्त पत्रव्यवहार करता ते बाहेरच्यांना दिसण्याची सोय झाली. वकील, डॉक्टर, पत्रकार यांचं काय झालं असेल?

जॉबवर्कवाला:
अॅड्रेस बुक मी चढवलेली नाही. ती माझ्या एकट्याची नसते, तिच्यातल्या प्रत्येकाची असते, एवढं कळतं. मी फक्त समोरच्याने स्वतः मांडलेलं वाचतो.

बे_एरियातला_बंड्या:
जुनी गोष्ट आहे ही. २०१० च्या सुमारास रॅपोर्टिव्ह नावाचं जीमेलला जोडायचं अवजार होतं, जीमेलच्या उजवीकडे पाठवणाऱ्याचा फोटो, नोकरी, ताज्या पोस्टी दाखवायचं. आम्ही वेडे झालो होतो त्यावर. २०१२ मध्ये लिंक्डइनने घेतलं आणि हळूहळू त्याचा जीव गेला. आउटलुकसाठी तसंच झोबनी होतं (इंग्रजी 'inbox' उलटं वाचा), ते २०१३ मध्ये याहूने घेतलं, पुढच्या वर्षी बंद. लिंक्डइन इंट्रो तर आयफोनची मेल स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवायचं, त्यावर एवढा ओरडा झाला की काही महिन्यांत गाशा गुंडाळला. तेव्हा अवजारावर भरवसा टाकू नका, पण कल्पना सोडू नका.

समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगात जिवलग नव्हे, पण अगदी पुसटही नव्हे अशा ओळखी नोकरीसाठी सर्वात उपयोगी ठरल्या. असे लोक ईमेलच्या तळाशी पडलेले असतात. त्यांनी नोकरी बदलल्याचं लिंक्डइन सांगतं. मात्र तिथलं तयार 'काँग्रॅट्स' दाबू नका, चार ओळींची मेल लिहा. त्या बटणाला कुणी उत्तर देतं का?

खडीसाखर:
मी एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे, म्हणजे प्रोफाइल बघून लिहिलेल्या अशा मेल झेलणारी. "तुमची पोस्ट वाचली, खूप भावली." मी आयुष्यात एक पोस्ट टाकलेली नाही. "तुम्ही सांगलीच्या? आम्हीही!" बरं, मग कोटेशन मागितलं की हे सांगलीकर आठ दिवस गायब. प्रोफाइल वाचून जवळीक दाखवणारे वाढलेत, वेळेवर दर देणारे तेवढेच आहेत.

जॉबवर्कवाले, तुमची एच७ ची मेल मात्र मला आवडली असती. पण प्रोफाइलमध्ये 'टूलरूम' दिसलं म्हणून तुम्ही ती लिहिलीत. 'परचेस' दिसलं असतं तर नुसता दर पाठवला असता ना? ती ओळ मी डिझाइनवाल्यांना पुढे पाठवली असती. त्यांना नसतं जमलं तर तसं कळवलंही असतं. आम्हाला काय कळणार, हे तुम्ही प्रोफाइल बघूनच ठरवता.

तिरका_डोळस:
घ्या!

जॉबवर्कवाला:
ताई, हे लागलं. संध्याकाळी शॉप बंद झाल्यावर जुनी कोटेशनं काढून बसलो. खरेदीतल्या अकरा जणांना नुसते दर पाठवलेत, टॉलरन्सचा शब्द नाही. तिघांची ऑर्डर आली. उरलेल्या आठांपैकी दोघांच्या ड्रॉइंगमध्ये सांगण्यासारखं होतं, तेव्हाही दिसलं होतं. त्या दोघांना आत्ता मेल टाकली.

टाकण्याआधी प्रोफाइल उघडलंच. सवय जात नाही.