झाडं कापायचा जुना चेन कटर सुटत नाही, नवा कोणता घ्यावा? तुमचे अनुभव सांगा

धुऱ्यावरचा (आर्वी)
आमच्याकडे स्टिल कंपनीचा ०७० मॉडेलचा कटर आहे. बाबांनी एका लाकूड ठेकेदाराकडून सेकंडहँड घेतला तेव्हा मी शाळेत होतो. शंभरावर सीसी. दोरी ओढताना खांदा निखळतो की काय असं वाटतं, पण एकदा चालू झाला की चिंच असो की वाळकी बाभूळ, अडत नाही. अडतो मी. तासभर चालवला की बोटं बधिर होतात, रात्री जेवताना घास धरवत नाही. त्यात याला चेन ब्रेक, म्हणजे झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक, नाही.

माझं काम म्हणजे वर्षाला धुऱ्यावरच्या पाच-सहा बाभळी, वादळात पडलेला एखादा कडुनिंब आणि चुलीचं सरपण. कंपनीचं कौतुक नको. तुम्ही काय कापता आणि कुठे फसलात, तेवढं सांगा.

संत्रावाला (वरूड)
बागेत सल (वाळक्या फांद्या) काढायला मी सहा इंची बारची (चेन फिरते त्या पट्टीची) बॅटरी आरी घेतली. मनगटाएवढ्या फांदीला झकास, एका हातात मावते. पण लाइन रात्री येते, त्यामुळे दोन बॅटऱ्या ठेवाव्याच लागतात. तुमच्या बाभळीसाठी हिचं नाव काढू नका.

पऱ्हाटीवाला (घाटंजी)
भाऊ, मी ऑनलाइनच्या भावाला भुललो. ५८ सीसी, २२ इंची बार. मनात म्हटलं, बार जेवढा लांब तेवढं काम जास्त. पहिल्याच दिवशी चेनपर्यंत ऑइल पोचेना, बार तापून निळा पडला. खोलून पाहिलं तर ऑइलची नळीच दुमडलेली. ते निस्तरलं.

पुढची चूक घरचीच. फवारणीचा पंप चार स्ट्रोक, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकत नाहीत. कटर दोन स्ट्रोक, त्याला ऑइल मिसळलेलंच पेट्रोल लागते. पोरानं पंपाची कॅन उचलली आन् कटरमध्ये ओतली. दहा-पंधरा मिनिटांत आवाज चिरका झाला, मग पिस्टन चिकटला. आता कटरच्या कॅनला लाल चिंधी बांधली हाय. एक मात्र खरं, या मशीनचे पार्ट पंप दुरुस्तीवाल्याकडेही मिळतात, म्हणून अजून ठेवली.

आरीवाला (मूल)
वीस वर्षं मजुरीनं झाडं तोडतो. ०७० मीही चालवला, त्याच्यासारखा दम आजही कमी मशीनमध्ये आहे. पण ब्रेक नाही म्हणता, तर तोच मुद्दा आधी घ्या. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळून सरळ तोंडाकडे येते. माझ्या जोडीदाराच्या गालावर आठ टाके पडले. नव्या मशीनला पुढच्या हँडलसमोर ढाल असते. झटक्यानं ती पुढे गेली की चेन जागेवर थांबते.

तुमच्या कामाला ४५ ते ५० सीसी पुरे, बार १८ इंचीच्या वर नको. खोड जाड असलं तर दोन्ही बाजूंनी कापा. जुन्या मशीनवर दाबून कापायची सवय लागते, नव्यावर ती सोडा, चेन आपोआप ओढून घेते. दाबावं लागत असेल तर कानस मारायची वेळ झाली. भुसा पिठासारखा पडला की चेन बोथट, कपच्या पडल्या की धार आहे. आणि बाभूळ ओली असतानाच पाडा. वाळली की चेनचा जीव घेते.

वावरात साग, मोह असला तर आधी परवानगी. १९६४चा वृक्षतोड कायदा स्वतःच्या शेतातल्या झाडालाही लागतो.

गॅरेजवाला (अमरावती)
माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनमध्ये बिघाड नसतो, शिळं पेट्रोल असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल धरते आणि कार्बोरेटरचे रबरी पडदे कडक करते. महिनाभर काम नसलं तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर लिटरला २० मिली, पण मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच ऐका. ट्रॅक्टरचं काळं ऑइल चेनला घालू नका, त्यातला कीस बार आणि पंप दोन्ही खातो.

घ्यायच्या आधी दुकानदाराला स्टार्टरची दोरी आणि क्लच ड्रम (चेनला फिरवणारा भाग) हे सुटे पार्ट काउंटरवर दाखवायला सांगा. "मागवून देतो" म्हणाला तर उठा.

धुऱ्यावरचा (आर्वी)
घेतला. ५० सीसी, १८ इंची. दुकान वर्ध्यात आहे, दोरी आणि ड्रम दोन्ही काउंटरवर दाखवले. पहिली बाभूळ पाडली, बोटं शाबूत आहेत. बाबा बाजेवरून पाहत होते. "आवाजात दम नाही," एवढंच बोलले. मोठ्या चिंचेसाठी जुना ठेवलाय.

एक अडलं. जुन्याची ५.५ मिलीमीटरची कानस नव्या चेनच्या दातात बसत नाही.

गॅरेजवाला (अमरावती)
बसणारच नाही. जुन्याची चेन ०.४०४ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप). तुमच्या बारवर ०.३२५ लिहिलं असेल तर ४.८ची घ्या. जुनी वापराल तर दात वाकडे होतील.

धुऱ्यावरचा (आर्वी)
०.३२५च आहे. आर्वीत ४.८ नाही मिळाली. सोमवारी वर्ध्याला जातो.